शेजारच्या सीटवर कोण बसतं?

आमच्या टेक्ससातल्या अर्विंगच्या मराठी मंडळात नवा माणूस आला की आधी ओळखपरेड होते. हा क्लाउडमध्ये, ती सिक्युरिटीमध्ये, हे नवराबायको दोघंही एकाच बँकेच्या डेटाबेसमध्ये. सगळे बोलून झाले की पाळी माझ्यावर येते. मी म्हणतो, "मी स्प्रिंगा बसवतो." त्यावर एखादा तरी विचारतोच, कुठलं व्हर्जन? त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही त्या नावाचं काहीतरी असतं म्हणे. मग मी हात पुढं करून दाखवतो. नखांत मुरलेलं काळं वंगण बघितल्यावर लोकांच्या लक्षात येतं की हे व्हर्जन लोखंडाचं आहे.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला बजावलं, की बापूकाका, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण खरं लिहा. ही दुसरी अट जाचक आहे. तरी प्रयत्न करतो. कोल्हापूरजवळच्या एका शेडमध्ये उसाच्या ट्रकांचे पाटे बदलण्यापासून सुरुवात केली आणि टेक्ससात छोट्या स्पोर्ट्स गाड्यांचं सस्पेन्शन बसवण्यापर्यंत येऊन पोहोचलो. मधली वर्षं गाळतो, त्यात नुसते नटबोल्ट आहेत. एवढंच सांगतो, की या वर्षांत माझा कान असा तयार झाला, की सिग्नलला उभी असलेली गाडी निघाली की तिच्या कुठल्या चाकाचं रबर गेलंय ते मी दुकानात बसून सांगतो. माझी बायको शैला म्हणते, हा कान घरात पाऊल टाकलं की बंद पडतो. तेही खरं आहे.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही, म्हणजे तुम्ही सगळे, त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. गाडीच्या प्रत्येक चाकाशी दोन वस्तू असतात, एक स्प्रिंग आणि एक शॉकअप. स्प्रिंग म्हणजे लग्नाच्या वरातीत नाचणारा मामा. रस्त्यानं जरा ढोल वाजवला की हा उसळलाच. शॉकअप म्हणजे त्याचा हात धरून "पुरे आता" म्हणत त्याला खाली बसवणारी मामी. मामी थकली की मामा नाचतच राहतो आणि गाडी होडीसारखी डोलते. मामी फारच कडक असली की मामा नाचत नाही, पण ढोलाचा प्रत्येक ठोका पाहुण्यांच्या मणक्यात वाजतो. माझा सगळा धंदा म्हणजे कुठल्या मामाला कुठली मामी द्यायची, एवढाच. माणसांची लग्नं जमवली असती तर आशीर्वाद मिळाले असते.

कंपनी गाडी विकते ती सगळ्यांना चालेल अशा मामा-मामींसकट. पण छोटी स्पोर्ट्स गाडी घेणारा माणूस म्हणजे सगळ्यांपेक्षा वेगळा, निदान त्याचं तसं मत असतं. त्याला ते सामान काढून बाजारातलं दुसरं घालायचं असतं. आणि बाजारात ते पोतंभर आहे. कुणाला गाडी खाली हवी असते. माझ्याकडच्या एका पोरानं गाडी इतकी खाली करून घेतली, की रस्त्यात नाणं पडलेलं असलं आणि त्यावरून गाडी गेली, तर छापा आहे की काटा हे त्याला सीटवर बसल्या बसल्या कळायचं. इंडियन ग्रोसरीच्या दारातल्या स्पीड बंपवर ती अडकली तेव्हा मागं कोथिंबीर न्यायला आलेल्यांची रांग पार हायवेपर्यंत गेली होती. हायवे तिथून लांब आहे, पण रांग गेली होती.

आपली मराठी माणसं आली की मात्र तक्ता घेऊन येतात. एका पुणेकर इंजिनिअरनं बाजारातल्या यच्चयावत शॉकअपांची तुलना करून शेवटच्या रकान्यात कडकपणा लिहिला होता आणि सगळ्यात कडक होतं त्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे निवड करणं म्हणजे यादीतलं सगळ्यात वरचं उचलणं. मिक्सर असो, पोराचं कॉलेज असो. मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. गाडीला ताकद किती, पळवणार कुठं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "शेजारच्या सीटवर कोण बसतं?"

तो म्हणाला, कुणी नाही.

हे उत्तर देणारे निम्मे लोक खोटं बोलतात. महिन्याभरात त्याच्या सासूबाई सांगलीहून आल्या. विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत त्यांचे दोन दात हलले आणि जावयाबद्दलचं चांगलं मत पडलं. दातांचं काम दातांच्या डॉक्टरनं केलं. बाकीचं माझ्याकडे आलं, आणि मी त्याला मऊ शॉकअप घालून दिले. मत काही परत बसलं नाही, तो पार्ट मिळत नाही.

तर हा प्रश्न माझा. कागदावरच्या आकड्यांनी गाडी वळते, पण गाडी घरात टिकते की विकली जाते, हे शेजारच्या सीटवर ठरतं. हे मी आयुष्यभर ओरडून सांगितलं आणि माधवराव आणि सायली यांच्या वेळी माझ्याच तोंडावर आपटलं, कारण उत्तर तर मिळालं होतं, पण त्या उत्तराचं काय करायचं ते कळलं नव्हतं.

माधवराव मूळचे नाशिकचे. इथं काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. या भागातल्या निम्म्या काँक्रीटवर आपला हात फिरलाय, असं ते सांगतात. मी स्वतः वाढवून सांगणारा माणूस असल्यामुळे दुसऱ्याच्या वाढवण्याला आक्षेप घेत नाही. बायको गेल्यावर त्यांनी आपलं घर विकलं आणि ते मुलीकडे राहायला आले. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसेना, तसं त्यांनी ड्रायव्हिंगही सोडलं. टेक्ससात गाडी सोडणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. चालत जाऊन नुसता टपालाचा डबा गाठता येतो.

सायली त्यांची एकुलती एक. इथंच जन्मलेली, घोड्यांची डॉक्टर. पहाटे कुठल्याशा रँचवर जायला निघते, संध्याकाळी घोड्याच्या लाथा चुकवून दमून येते आणि जेवता जेवता झोपते. बापलेकीचं बोलणं व्हायचं ते रविवारी. तिला ऑटोक्रॉसचा नाद होता. एखाद्या स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये केशरी कोन मांडून नागमोडी वाट आखतात, एकेक गाडी एकटीच त्यातून पळते आणि घड्याळ लावून वेळ बघतात. कोन पाडला की दंड. रविवारी ही दोघं तिच्या छोट्या निळ्या, उघड्या टपाच्या टू-सीटरमधून लांबच्या लॉटवर जायची, माधवराव घडीच्या खुर्चीवर टोपी घालून बसायचे, येताना दोघं डोसा खायची. जाता-येता माधवरावांची कॉमेंट्री चालू. हा जोड बघ, भरतानाच ओला होता. इथं उतार कुणी काढला, त्याला पेन्शन कशी मिळाली. सायली मला म्हणाली होती, बाकीच्यांकडे गाडीत म्युझिक असतं, माझ्याकडे बाबा.

ती जुनी गाडी घेऊन दोघं माझ्याकडे आली तेव्हा चारही शॉकअपांतून तेल गळत होतं. चारही माम्या अंथरुणाला खिळलेल्या. नवं काय घालायचं, हा प्रश्न होता. मी माझा प्रश्न विचारला.

"बाबा," सायली म्हणाली.

माधवराव लगेच पुढं झाले. "माझं सोडा हो बापूराव. मला काहीही चालतं. तिच्या खेळाच्या दृष्टीनं काय उत्तम ते घाला."

मला काहीही चालतं. मंडळी, या वाक्यावर आपला सगळा समाज उभा आहे आणि या वाक्यामुळेच तो वाकडा चालतो. ज्याला खरोखर काहीही चालतं, तो हे वाक्य बोलत नाही, समोर आलेलं खातो आणि झोपतो. मी त्यांच्या कमरेकडे बघितलं. खुर्चीवरून उठताना ते आधी टेबलाला विचारत होते. मी मधला मार्ग सुचवला, जरा मऊ स्प्रिंग, बरे शॉकअप, खेळालाही चालेल, रस्त्यालाही. सायली मान हलवत होती. पण माधवरावांनी रस्ते खात्याचा आवाज काढला. अर्धवट काम करायचं नाही म्हणाले. शर्यतीचं सामान घाला.

शेवटी मी बटनवाला संच घातला. त्यात प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर लहानसं बटन असतं. एकीकडे फिरवलं की कट् कट् आवाज करत मामी कडक होते, दुसरीकडे फिरवलं की मवाळ. पुढची दोन बटनं बॉनेटखाली, मागची दोन डिकीत, कार्पेट उचललं की हाताला लागतात. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशारी केली. दोघांचीही सोय. गाडी कडक लावून दिली, आणि सायलीचा पुढचाच रविवार असा गेला, की तिनं आपल्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या गाड्या मागं टाकल्या. माधवरावांनी फोन करून मला तिचं प्रत्येक वळण ऐकवलं. फोनवरून वळण ऐकायला अर्धा तास लागतो.

दोन-तीन आठवड्यांनी सायली एकटीच आली. घोड्यांच्या वासासकट, कामावरून थेट. आवाज खाली घेऊन बोलत होती, जणू माधवराव माझ्या टूलबॉक्समध्ये बसलेत.

"बापूकाका, गाडी सॉफ्ट करायचीय. बट बाबांना कळता कामा नये."

मी विचारलं, त्यांना त्रास होतोय असं ते म्हणाले का? नाही. कण्हतात? नाही. मग कशावरून?

"ते रस्त्यांना नावं ठेवायचे थांबलेत," ती म्हणाली. "जाताना चाळीस मैल, येताना चाळीस मैल. एक शब्द नाही. खिडकीबाहेर बघत बसतात, दाराचं हँडल धरून. काका, घोडा कधी सांगत नाही कुठं दुखतं ते. तो खाणं थांबवतो. दॅट्स हाऊ यू नो."

मी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हटलं, त्यांनाच सांग ना. ती म्हणाली, सांगितलं की ते घरी बसतील. माझ्यामुळे तुझा खेळ बिघडतो म्हणतील, आणि मग रविवारीसुद्धा टीव्हीसमोर. तिला खेळ हवा होता, पण त्याहून जास्त ती सीट भरलेली हवी होती. मी तिला चारही बटनं दाखवली. म्हटलं, लॉटवर पोहोचलीस की कडक करायची, निघताना मऊ. दोन मिनिटांचं काम. ती हसली. बाबांच्या समोर डिकी उघडून? दोन सेकंदांत त्यांना कळेल, म्हणाली. त्यापेक्षा ती मऊच ठेवणार होती, पळतानाही. वेळ वाईट आली तर आली.

मी बटनं मऊ करून दिली. गाडी घेऊन एक चक्कर मारली. अशी झाली होती, की मागं दूध ठेवलं असतं तर साय हलली नसती.

यापुढचं मला नंतर कळलं, पण गोष्ट सरळ लागावी म्हणून इथंच सांगतो. रविवार आला. माधवरावांची कंबर सुखावली. पण माणूस इंजिनिअर, खुर्चीवर बसून त्यांनी पोरीची वेळ बघितली. मागच्यापेक्षा वाईट. पुढच्या रविवारी आणखी वाईट. ज्या रस्त्याचा प्रत्येक जोड त्यांना तोंडपाठ होता, तो अचानक लोण्यासारखा कसा झाला, हे त्यांना पहिल्या मैलातच समजलं होतं. पोरगी आपल्यासाठी हरतेय. हे त्यांना सहन होईना. पण तिला विचारायचं कसं? विचारलं तर ती कबूल करणार, मग आपण सोडून देतो म्हणणार, मग ती वाईट वाटून घेणार. आपल्या लोकांची ही पद्धत. समोरच्याला कळू न देता त्याचं भलं करायचं, आणि दोघांनी एकाच वेळी करायचं.

माधवरावांची घडीची खुर्ची डिकीत असायची. एका रविवारी सायली बुटांच्या नाड्या बांधून कोनांची वाट पायी बघायला गेली. यांनी खुर्ची काढताना कार्पेट उचललं. दोन बटनं दिसली. बाजूला बाण काढून मऊ-कडक लिहिलेलंच असतं. यांनी दोन्ही बटनं पार टोकाला फिरवली, कार्पेट सारखं केलं, टोपी घातली आणि खुर्चीवर जाऊन निरागस बसले. पुढंही दोन बटनं असतात, हे त्यांच्या लक्षात असलं तरी बॉनेट उघडायची कळ ड्रायव्हरच्या पायाशी. ती ओढली की आवाज होतो. म्हणून तेवढं राहिलं.

आता मामा-मामी आठवा. पुढच्या दोन्ही माम्या पेंगलेल्या. मागच्या दोन्ही छडी घेऊन उभ्या. अशी गाडी सरळ रस्त्यावर काही बोलत नाही. पण डावीकडून उजवीकडे झटक्यात वळवा, की नाक लोळतं आणि शेपूट उडतं. छोट्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर शेपटाला वाटच बघायची असते.

तिसऱ्या-चौथ्या कोनाला सायलीची गाडी भोवऱ्यासारखी फिरली. कोन आकाशात गेले. त्यातला एक अजून ओक्लाहोमात पडायचाय, असं मी एरवी लिहिलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाबद्दल वाढवून सांगावंसं वाटत नाही. पार्किंग लॉटमध्ये दिव्याचे खांब असतात, त्यांच्या बुडाला काँक्रीटचे गोल कठडे. गाडी तशा एका कठड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली. सायलीला काही झालं नाही. माधवराव खुर्चीवरून उठले ते टेबल न शोधता उठले आणि पळाले. अनेक वर्षांत पळाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन माझ्या दारात. निळ्या पत्र्यावर कोनांचे केशरी ओरखडे. सायली चिडलेली होती, आणि तिला मराठीत चिडता येत नाही. ती मला इंग्रजीत म्हणाली, की तुमच्या सामानात काहीतरी तुटलंय, मी गाडी विकतेय, आणि विकण्याआधी काय तुटलं ते मला कळायला हवं. माधवराव तिच्यामागं उभे होते. चेहरा पांढरा. ते म्हणाले, विकू नकोस. मीच येत जाणार नाही. तुझं लक्ष माझ्याकडे राहतं.

म्हणजे दोघांनीही आपापल्या बाजूनं रविवार मोडीत काढला होता, आणि एकमेकांवरच्या मायेनंच.

मी गाडी आत घेतली. हलवून बघितलं, दाबून बघितलं. काही तुटलं नव्हतं. बॉनेट उघडलं, पुढची बटनं तपासली. पार मऊ, मी सोडली होती तशी. डिकी उघडली. कार्पेट उचललं. बटन फिरवायला गेलो तर फिरेना. पार कडक. दुसरंही तसंच.

आता वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं. सायलीनं हात लावला नव्हता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी लावला नव्हता. माधवराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते टायरवाल्यानं दिलेलं, त्यावर वाचण्यासारखं काही नाही.

मी म्हटलं, "माधवराव, रस्त्याची एकच बाजू उंच केली तर काय होतं?"

ते वळले. काचबिंदूच्या माणसाला समोरचं तेवढं नीट दिसतं, आणि समोर सायली होती.

"मी केलं," ते म्हणाले. "तुझी वेळ बिघडत होती."

"तुम्ही? बाबा, व्हाय वुड यू..." ती थांबली. मग मराठीत म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं मी सॉफ्ट केलंय?"

"तीस वर्षं रस्ते केले मी. रस्ता बदलला की गाडी बदलली, एवढं कळत नाही का मला? तुला कसं कळलं मला दुखतंय?"

"तुम्ही गप्प होतात."

 माधवराव कॉफीच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसले, या वेळी टेबलाला विचारून. म्हणाले, "दुखतं. खूप दुखतं. पण मला यायचंय."

सायली माझ्याकडे बघायला लागली, जणू हे वाक्य मीच बसवून दिलंय. मी त्या दोघांना तिथंच सोडलं आणि मागं जाऊन उगाचच एक ड्रॉवर लावून घेतला. तो आधीच लागलेला होता. बाहेर आलो तेव्हा सायली त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती, माझ्या त्या तेलकट जमिनीवर, आणि माधवराव तिला सांगत होते की त्या कठड्याचं काँक्रीट कुणीतरी कोरडंच ओतलंय, गाडी लागली असती तर कठडाच फुटला असता.  ती मान हलवत होती.

पण नुसतं रडून गाडी सरळ चालत नाही. ते माझं काम. मी त्या दोघांना म्हटलं की गाडी दोन प्रकारची हवीय, हे आता उघड झालंय. येता-जाता बाबांची, पळताना सायलीची. बटनं त्यासाठीच आहेत. फक्त ती चोरून फिरवायची नाहीत आणि एका बाजूची फिरवायची नाहीत. जे करायचं ते चारही चाकांना.

मग मी ती चारही बटनं उपसून काढली. ती निघतात, नुसती दाबून बसवलेली असतात, आणि कुठलंही बटन चारही दांड्यांना बसतं. तीन माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. एक माधवरावांच्या हातावर ठेवलं.

"हे तुमच्याकडे," म्हटलं. "गाडीत राहणार नाही. तुमच्या शर्टाच्या खिशात. तुम्ही लॉटवर गेलात तर गाडी कडक होणार. नाही गेलात तर ती मऊ पळणार आणि हरणार. आता घरी बसायचं असेल तर बसा."

सायलीनं माझ्याकडे बघितलं. घोड्याचे डॉक्टर असेच बघत असावेत, घोड्यानं चुकून शहाणपणा केला की. माधवरावांनी बटन दोन बोटांत धरून उजेडात फिरवलं आणि किती कट् मऊ, किती कट् कडक, हे मला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. अंथरुणात उताणं पडून पाठ करणार होते, ते कळतच होतं.

पुढं एकदा मी मुद्दाम रविवारी लॉटवर गेलो. ऊन असं होतं, की कोन वितळून बसके दिसत होते. आजूबाजूला टॅटूवाली, टोप्या उलट्या घातलेली अमेरिकन पोरं. त्यांच्या मध्ये माधवराव, गुडघ्यावर नॅपकिन टाकून, निळ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेले. एका बाजूचं झालं, दुसऱ्या बाजूचं, मग डिकी. प्रत्येक कट् मोठ्यानं मोजत होते, मराठीत. शेजारच्या गाडीचा पोरगा त्यांच्याबरोबर मोजायला शिकलेला. सायली हेल्मेट घालून स्टिअरिंगमागं बसली होती, आणि ते डिकी आपटून थाप मारेपर्यंत तिनं गाडी सुरू केली नाही. मला बघून माधवराव म्हणाले, बापूराव, मी असल्याशिवाय ही गाडी सुटत नाही. मी म्हटलं, ऐकलंय. तिची वेळ बरी आली. पहिली नव्हती. पहिला नंबर त्या मोजणाऱ्या पोराचा आला, त्याचा दोघांनाही राग नव्हता.

हल्लीच्या नव्या गाड्यांत ही सगळी कामं डॅशबोर्डवरच्या स्क्रीनला बोट लावून होतात. स्पोर्ट म्हटलं की कडक, कम्फर्ट म्हटलं की मऊ. फार छान आहे. कुणाला वाकावं लागत नाही, कुणाचे हात काळे होत नाहीत, आणि माझ्यासारख्याला दुकान हळूहळू आवरायला घ्यावं लागतं. शैला खूश आहे. मी खूश असल्याचं सांगतो.

गेल्या महिन्यात ती निळी गाडी ऑइल बदलायला आली. सायलीला रँचवर जायचं होतं, तिनं गाडी आणि माधवराव दोघांनाही माझ्याकडे सोडलं आणि मैत्रिणीबरोबर गेली. जाताना सांगून गेली, बापूकाका, बाबांचं सेटिंग चेक करा, मी फुल सॉफ्ट सांगितलंय त्यांना, ऐकत नाहीत. मी माधवरावांकडे त्यांचं बटन मागितलं. त्यांनी ते खिशातून काढून दिलं आणि टायरवाल्याचं कॅलेंडर वाचायला गेले.

पुढचं डावं तपासलं. मऊच्या टोकापासून एक कट् कडक. उजवं, एक कट् कडक. मागची दोन्ही, एक-एक कट् कडक. चारही एकसारखी. म्हटलं, हा माणूस सुधारला नाही, पण शिकला.

आता पोरीला सांगायचं, की गुपचूप मऊ करून टाकायचं? मी दोन्हींतलं काही केलं नाही. माधवरावांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि चक्कर मारायला बाहेर काढलं. माझ्या दुकानाच्या तोंडाशी नगरपालिकेनं एक गटाराची खाच ठेवलीय, भल्याभल्यांचे पाठीचे मणके मी तिथं ओळखलेत. गाडी खाचेत उतरली, चढली.

"हे बघा," माधवराव म्हणाले. "हा उतार कुणी काढला? पाणी तिकडे, गटार इकडे. आणि हा जोड. बापूराव, हा जोड भरलेलाच नाही, नुसता पुसलाय."

सगळी चक्कर ते बोलत होते. पार मऊ गाडीत यातला एकही जोड त्यांना लागला नसता. दाराच्या हँडलवर हात नव्हता, दोन्ही हात रस्त्यातल्या चुका दाखवण्यात गुंतले होते. मी मान डोलवत गाडी परत आणली, बॉनेट लावलं, डिकी लावली आणि बटन त्यांच्या खिशात घातलं.